घर आधी, रेषा नंतर: सांगलीत झोनमध्ये अडकलेल्या जुन्या घराचं काय करायचं?

नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा हातात पडला की घरमालक आधी आपला सिटी सर्व्हे नंबर शोधतो आणि मग रंग बघतो. पिवळा म्हणजे रहिवास, हिरवा म्हणजे शेती. रंग पिवळा निघाला की तो निर्धास्त होतो. पण सांगलीत, विशेषतः नदीकडच्या भागात, रंगाच्या वरून दोन पूररेषा गेलेल्या असतात, एक निळी आणि एक लाल. घर पिवळ्यातही असतं आणि निळ्या रेषेच्या आतही असतं. मग बांधकाम परवान्याचा अर्ज नामंजूर होतो आणि मालक म्हणतो, "आजोबांच्या काळापासून इथंच राहतोय, आता घर बेकायदा कसं झालं?"

बेकायदा झालेलं नसतं. घर बांधलं तेव्हा ते नियमात होतं, नियम नंतर बदलला. असं घर आणि परवानगी न घेता बांधलेलं घर या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना मात्र दोन्हींना "झोनमध्ये बसत नाही" असंच म्हटलं जातं आणि घोळाची सुरुवात तिथूनच होते. पहिल्या प्रकारच्या घराला उभं राहण्याचा, दुरुस्तीचा आणि काही अटींवर पुन्हा बांधण्याचाही हक्क असतो. दुसऱ्याला फार तर माफी मागता येते. आपण कोणत्या गटात आहोत हे तारखेवरून ठरतं: घर कधी बांधलं, त्या दिवशी कोणता नियम होता आणि आज आडवा येणारा नियम कधी लागू झाला. या तीन तारखा कागदावर दाखवता आल्या तर बाजू भक्कम होते. नाही दाखवता आल्या तर वकील कितीही चांगला असला तरी तो अंदाजावरच बोलणार.

अडचण नेमकी कशाची आहे?

"झोनची अडचण" या एका शब्दाखाली किमान चार वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

जमीन विकास आराखड्यात शेती विभागात दाखवली असेल तर ती खरी झोनची अडचण. विभाग बदलायचा तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यासाठी महापालिकेचा ठराव, लोकांच्या हरकती आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते. एकट्या घरासाठी हा रस्ता लांबचा आहे. "बिनशेती झालंय की" हे उत्तर इथे पुरत नाही. बिनशेती आदेश महसूल कायद्याखालचा असतो, आजचा विभाग आराखडा सांगतो.

घरावर बाग, शाळा, भाजी मंडई असं काही दाखवलं असेल तर ते आरक्षण. त्याला मुदत असते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना, म्हणजे जागा घ्या अशी नोटीस, बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. मालकी हक्काचे कागद सूचनेसोबत जोडलेले नसले तर ही सूचनाच कच्ची ठरू शकते. दहा वर्षं थांबून एका प्रॉपर्टी कार्डासाठी अडकू नका.

तिसरी अडचण रस्त्याच्या रेषेची. ओटा किंवा पुढची खोली नियोजित रुंदीकरणात जाते. त्यात घर पूर्ण अडत नाही, पुढचा पट्टा सोडावा लागतो आणि त्याबदल्यात मोबदला किंवा चटईक्षेत्राचा, म्हणजे तेवढं जादा बांधकाम करण्याचा, हक्क मिळतो. चौथी पूररेषेची. तिला कलम १२७ लागत नाही आणि ती मुदत संपून व्यपगतही होत नाही. पूररेषेच्या घराला १२७ ची सूचना पाठवणारे लोक आहेत. त्यात फक्त टपालखर्च वाया जातो.

एखाद्या जुन्या घरावर दोन अडचणी एकदम असू शकतात. म्हणून झोन दाखला, भाग नकाशा आणि पूररेषेचा अभिप्राय हे तिन्ही लेखी मागा. खिडकीवर तोंडी सांगितलेलं पुढे कुठेच टिकत नाही.

निळी आणि लाल रेषा

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे शब्द फसवे आहेत. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं शांतता, असा नाही. दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता ४ टक्के असते. तीस वर्षं त्याच घरात राहिलात तर एकदा तरी तो पाहण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. लाल रेषेच्या पुराचीही तीस वर्षांतली शक्यता २६ टक्के निघते. सांगलीकरांना हे गणित समजावून सांगायची खरं तर गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं आणि दोनच वर्षांनी २०२१ मध्ये सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरात पुन्हा पाणी शिरलं.

आयर्विनवरचे ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतं. पण ती उंची तिथल्या मोजपट्टीवरची आहे. पूररेषेची उंची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. "आमच्याकडं ५० फुटांना पाणी येतं" हे वाक्य अर्जात लिहून उपयोग नाही. आपल्या अंगणाची पातळी मीटरमध्ये काढून ती पूररेषेच्या पातळीशी ताडावी लागते.

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या युडीसीपीआरमध्ये, याबाबत तीन गोष्टी आहेत. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार अशा वापरांपलीकडे नवं बांधकाम नाही. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. तिथे बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं. तिसरी गोष्ट जुन्या घरांसाठी सर्वांत मोलाची: निळ्या रेषेच्या आत आधीपासून असलेल्या अधिकृत मिळकतींचा पुनर्विकास करता येतो. त्यालाही लाल रेषेवर ०.४५ मीटरची अट आहे आणि जलसंपदा विभागाचा ना हरकत दाखला लागतो.

त्या वाक्यातला "अधिकृत" हा शब्द अधोरेखित करून ठेवा. सगळी लढाई त्या एका शब्दावर होते.

आता ०.४५ मीटर म्हणजे दीड फूट, त्यात काय एवढं, असं वाटतं. गणित करून पाहू. आकडे फक्त उदाहरणासाठी. समजा अंगणाची पातळी ५४२.१० मीटर आणि लाल रेषा ५४४.०० मीटर. जोतं हवं ५४४.४५ वर, म्हणजे अंगणापासून २.३५ मीटर उंच. सुमारे पावणेआठ फूट. याला जोतं कोण म्हणेल? तो एक मजलाच झाला. सहा इंचाची पायरी धरली तर १६ पायऱ्या चढून घरात यायचं. घरात चाकाची खुर्ची असेल आणि १ ला १२ असा उतार ठेवायचा असेल तर उताराची लांबी २८ मीटरच्या पुढे जाते. दीड-दोन गुंठ्यांत ती बसवायला वळणं घ्यावी लागतात. म्हणून अशा जागी तळ मोकळा ठेवून खांबांवर घर उभं करतात आणि खाली गाडी लावतात. तो तळ नंतर विटांनी बंद करून दुकान काढलं की मंजूर नकाशा मोडला. शिवाय पाण्याची वाट अडते आणि सगळा दाब त्या भिंतीवर येतो. मुरूम टाकून प्लॉट उंच करणं हाही तोडगा नव्हे. निळ्या रेषेच्या आतला भराव पाण्याला शेजाऱ्याच्या घरात ढकलतो आणि पुढची तक्रार बहुतेक त्याच शेजाऱ्याची असते.

रेषाच चुकीची वाटते, असं कधीकधी असतं आणि ते बरोबरही निघतं. नकाशाच्या प्रमाणावर पेनाच्या जाडीएवढी रेषासुद्धा जमिनीवर काही मीटर भरते. अशा वेळी हरकत भावनेवर न घेता पातळीवर घ्या. जलसंपदा विभागाकडून आपल्या जागेसमोरच्या नदीच्या छेदावरची निळ्या आणि लाल रेषेची पातळी लेखी मागा. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज १० रुपयांचा, मुदत ३० दिवसांची. मग चांगल्या सर्व्हेअरकडून प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची, ओट्याची आणि समोरच्या रस्त्याची पातळी घ्या. कोणत्या बेंचमार्कपासून, म्हणजे पातळी माहीत असलेल्या कोणत्या खुणेपासून, मोजलं ते नकाशावर लिहून त्याची सही घ्या, कारण बेंचमार्कच लिहिलेला नसलेला पातळी नकाशा कार्यालय बाजूला ठेवतं, आणि ते बरोबरच करतं. जमीन रेषेच्या पातळीपेक्षा खरोखर उंच निघाली तर प्रत्यक्ष आखणीचा अर्ज त्या आधारावर करा.

तारीख सिद्ध करणारे कागद

पहिला मान मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्राला. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली ती फेब्रुवारी १९९८ मध्ये. त्याआधीचा परवाना त्या-त्या नगरपालिकेच्या नावाने असणार, हे शोध अर्जात स्पष्ट लिहा. फाइल सापडली नाही तर "अभिलेख उपलब्ध नाही" असं लेखी घ्या. तो कागद तुमच्या बाजूचा पुरावा नाही, पण तुम्ही काही लपवत नाही हे त्यातून दिसतं आणि दुय्यम पुराव्याला दार उघडतं.

दुय्यम पुराव्यात सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही सर्वांत वजनदार. नगर भूमापन झालं तेव्हा जागेवर काय होतं आणि कुणाच्या ताब्यात होतं, हे तिथे असतं. त्याच्या जोडीला प्रॉपर्टी कार्ड, घराचं वर्णन असलेलं नोंदणीकृत खरेदीखत किंवा वाटणीपत्र, आकारणी नोंदवहीत घर पहिल्यांदा दिसतं त्या वर्षाचा उतारा, वीजजोडणीची तारीख. २०१९ च्या पुरानंतर नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत हमखास मिळवा. मदतीच्या रकमेसाठी झालेला तो कागद, घर त्या तारखेला किती खोल्यांचं आणि कशाचं होतं, हे सांगणारा सरकारी दस्तऐवज आहे.

घरपट्टीच्या पावत्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. चाळीस वर्षं घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झालं, असं होत नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली वर दुप्पट शास्तीही लावू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, असं तिथेच म्हटलं आहे. पावतीतून घर होतं एवढंच सिद्ध होतं, परवानगी होती हे नाही.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यांनी पाडलेल्या प्लॉटवरच्या, घरांचं प्रकरण वेगळं. शामरावनगरसारख्या वस्त्यांत प्लॉट पाडतानाच आराखडा मंजूर नव्हता, तेव्हा "घर आधी, नियम नंतर" हा मुद्दा तिथे लागू पडत नाही. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. त्याची मूळ मर्यादा १ जानेवारी २००१ ची होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या अनधिकृत बांधकामांसाठी नगररचना कायद्यात कलम ५२-अ सुद्धा आले, पण त्याखालच्या २०१७ च्या नियमांनी निळ्या रेषेच्या आतली बांधकामं वगळली. एजंट ही ओळ सांगत नाहीत.

दुरुस्ती कुठे संपते?

नगररचना कायद्याच्या कलम ४३ नुसार घराच्या आतल्या भागापुरती, किंवा बाहेरच्या रूपात ठळक बदल न करणारी देखभाल-दुरुस्ती परवानगीशिवाय करता येते. गिलावा, फरशी, कौलं बदलणं, वायरिंग, कुजलेल्या तुळईच्या जागी त्याच मापाची दुसरी घालणं, एवढं त्यात बसतं. मजला चढवणं, ओटा बंद करून खोली करणं, जोत्याचं क्षेत्र वाढवणं बसत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मधल्या टप्प्यात. पांढऱ्या मातीच्या भिंती दोनदा पुरात भिजल्या आहेत, खालचा दोन फूट भाग हाताने निसटतो आहे. ठेकेदार म्हणतो, "कशाला परवाना? एक-एक भिंत उतरवू, आत कॉलम घेऊ, वरचं छप्पर तसंच ठेवू." तिसरी भिंत उतरवली की छप्पर झुकतं, मग तेही उतरवावं लागतं. चार दिवसांनी तक्रार होते, कनिष्ठ अभियंता येतो आणि त्याला जागेवर नवे कॉलम आणि उघडा प्लॉट दिसतो. जुनं घर होतं हे आता फक्त तुम्ही म्हणताय. आधी अस्तित्वात असलेल्या मिळकतीचा जो हक्क नियमावलीने दिला होता, तो मातीबरोबर ट्रॉलीत भरून गेलेला असतो.

म्हणून भिंतीला हात लावण्याआधी आर्किटेक्टकडून घराचा मोजणी नकाशा करा: प्रत्येक खोलीचं माप, भिंतीची जाडी, जोत्याची आणि छपराची उंची, चारही बाजूंची सोडलेली अंतरं. तारखेसह फोटो काढा, त्यात शेजारचं घर किंवा रस्ता ओळखू येऊ द्या. घर खरंच धोकादायक असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल घ्या. मग पुनर्विकासाचा अर्ज हे सगळं जोडून करा, आणि मंजुरी येईपर्यंत टेकू देऊन राहा किंवा घर रिकामं करा, पण पाडू नका. "साठ दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं समजायचं" हे ऐकून तर अजिबात पाडू नका. कलम ४५ मधली ती मानीव परवानगी नियमात तंतोतंत बसणाऱ्या बांधकामालाच असते, आणि तुमचा वादच घर नियमात बसत नाही हा आहे.

नोटीस आली तर

आधी कलम वाचा. नगररचना कायद्याच्या कलम ५४ ची (काम थांबवण्याची) असेल तर काम थांबवा, त्याच दिवशी. कलम ५३ खाली परवानगीच न घेतलेल्या बांधकामाला २४ तासांची नोटीस आहे, आणि परवानगी घेऊन अटी मोडल्या असतील तर किमान एक महिन्याची. महापालिका अधिनियमाच्या कलम २६० ची किंवा धोकादायक इमारतीबद्दल २६४ ची असेल तर उत्तराचा रोख वेगळा राहील. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार पाडकामाआधी नोंदणीकृत टपालाने किमान १५ दिवसांची नोटीस, सुनावणी, कारणांसह आदेश आणि आदेशानंतर आणखी १५ दिवस द्यावे लागतात. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. नदीकाठच्या घरमालकाने इथे सावध राहावं. नदीपात्र वेगळं आणि पूररेषेतली खासगी मालकीची मिळकत वेगळी, हे उत्तरातच प्रॉपर्टी कार्डावरचा सत्ता प्रकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे तो) दाखवून लिहावं.

उत्तर लांबलचक नको. मिळकतीचं वर्णन, बांधकामाची तारीख आणि तिचा पुरावा, आजचा नियम लागू झाल्याची तारीख, अलीकडे केलेलं काम नेमकं किती, आणि सुनावणीची मागणी. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घ्या. याच्या बरोबरीने कलम ५३(३) वापरा: नोटिशीच्या मुदतीतच बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो, आणि त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत नुसत्या नोटिशीच्या जोरावर बांधकाम हटवता येत नाही. पुष्कळ जण नुसतं उत्तर देतात आणि हा अर्ज राहून जातो.

परवानगी नाकारली किंवा झेपणार नाहीत अशा अटी घातल्या, तर आदेश मिळाल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील आहे. दिवाणी दाव्याची घाई करू नका. कलम १४९ मुळे या कायद्याखालच्या आदेशांना दिवाणी न्यायालयात आव्हान देण्यावर बंधन आहे, आणि त्या दाव्यात महिने गेले की अपिलाचे ४० दिवस संपलेले असतात. रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आहेत. तिथे जाताना अपिलाचा पर्याय का वापरला नाही हे आधी विचारलं जाईल, त्याचं उत्तर तयार ठेवा.

अधिकृत घर किंवा वापर महापालिकेलाच हटवायचा असेल, उदाहरणार्थ पूर्वी परवानगी असलेली घरातली गिरणी, तर त्यासाठी कलम ५६ आहे आणि त्यात भरपाई द्यावी लागते. म्हणून नोटिशीवर ५३ लिहिलंय की ५६, एवढ्या एका आकड्यावर तुम्ही दंड भरणार की मोबदला घेणार, हे ठरतं.